पित्ताची गोळी: सुरू झाली, पण थांबवायची कधी?

पुण्यात ज्या घरात साठीपुढचं माणूस आहे, त्या घरात औषधांचा एक डबा असतो आणि त्या डब्यात पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल यांपैकी एकाची पट्टी हमखास सापडते. पूर्ण नाव कुणी घेत नाही. ‘पित्ताची गोळी’ म्हटलं की भागतं. मी कोथरूडला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ही गोळी मागायला येणारी माणसं मला दोन टोकांची दिसतात. काही जण ती सकाळच्या चहाआधी न चुकता घेतात, पण ती कुणी आणि कशासाठी सुरू केली होती हे त्यांना आता आठवत नाही. काही जणांनी व्हॉट्सअॅपवर ‘किडनी जाते, विसरभोळेपणा येतो’ असं वाचून ती एका रात्रीत बंद केलेली असते, आणि छातीत आग होतेय म्हणून ते जेल्युसिलची बाटली घ्यायला आलेले असतात.

या गोळीचे दुष्परिणाम आहेतच. पण त्यांतले काही पक्के आहेत, काही क्वचित होणारे आहेत आणि काही अजून संशयाच्याच यादीत आहेत. सगळे एकाच पातेल्यात ढवळले की माणूस घाबरतो तरी किंवा सरळ दुर्लक्ष करतो. माझं मत विचाराल तर मोठा घोळ चिठ्ठीत आहे. ‘रोज सकाळी उपाशीपोटी एक’ एवढं लिहिलेलं असतं, किती दिवस ते नसतं.

आधी ही गोळी करते काय ते बघू, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच कळतं. जठराच्या अस्तरात आम्ल बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींत अतिसूक्ष्म पंप असतात. हे पंप हायड्रोजनचे आयन जठरात सोडतात आणि पोटॅशियमचे आत घेतात. जेवणाची चाहूल लागली की ते कामाला लागतात आणि जठरातला पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) एक-दोनपर्यंत उतरतो. गोळी आतड्यात विरघळते, रक्तातून या पेशींपर्यंत जाते, तिथल्या आम्लात तिचं खऱ्या औषधात रूपांतर होतं आणि ते औषध चालू असलेल्या पंपाला जे चिकटतं ते सुटत नाही. शरीर नवे पंप तयार करेपर्यंत आम्ल कमी राहतं. म्हणून औषध रक्तातून काही तासांत नाहीसं झालं तरी परिणाम दिवसभर टिकतो, आणि पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात.

‘उपाशीपोटी’ या सूचनेचा अर्थही यातच आहे. गोळी नाश्त्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, म्हणजे पंप सुरू होतात तेव्हा औषध तिथे हजर असतं. गोळी घेऊन दुपारी एकपर्यंत काहीच न खाणाऱ्याला तिचा पुरता फायदा मिळत नाही. तर्रीवाली मिसळ चापून झाल्यावर जळजळतंय म्हणून गोळी टाकणाऱ्यालाही नाही. अशा वेळी साधं अँटासिड बरं. ते आधीच तयार असलेलं आम्ल निष्प्रभ करतं आणि मिनिटांत आराम देतं.

ओमेप्राझोल १९८८ साली युरोपात आलं. अल्सरसाठी होणारी जठराची ऑपरेशनं आता क्वचितच होतात, त्यात या गटाच्या औषधांचा मोठा वाटा आहे. तेव्हा औषध चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते.

लगेच जाणवणारे त्रास फारसे गंभीर नाहीत. डोकं दुखतं, मळमळतं, पोटात गुबारा धरतो, कुणाला जुलाब होतात तर कुणाला शौचाला कडक होतं. बहुतेकांना यातलं काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांचं गोळी थांबवल्यावर किंवा याच गटातली दुसरी घेतल्यावर बरेचदा थांबतं. खरी चर्चा व्हायला हवी ती महिनोन् महिने आणि वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची.

शाकाहारी पुणेकर आणि बी-१२

बी-१२ हे जीवनसत्त्व अन्नात प्रथिनांना बांधलेलं असतं. ते सोडवायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हा पाचक रस लागतो. आम्ल वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की हे सोडवण्याचं काम अर्धवट राहतं. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, दोन वर्षं किंवा अधिक काळ ही औषधं घेणाऱ्यांत बी-१२ च्या कमतरतेचं निदान इतरांच्या मानानं बरंच जास्त आढळलं.

अमेरिकेतल्या माणसाच्या ताटात मांस असतं. आपल्याकडे सुरुवातच तळाशी होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले होते. त्यात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. वरण-भात-भाजी-पोळी, वाटीभर दही, कधीतरी पनीर अशा आहारात बी-१२ मुळातच बेताचं. त्यात मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन चालू, जे स्वतंत्रपणे बी-१२ कमी करतं. आणि वर ही गोळी.

एक काकू दर महिन्याला औषधं न्यायला येतात. मेटफॉर्मिन, पँटोप्राझोल, रक्तदाबाची गोळी. मध्यंतरी म्हणाल्या, “अगं, तळपायाला मुंग्या येतात, रात्री पाय चादरीबाहेर ठेवावे लागतात. शुगरमुळेच असणार ना?” असूही शकेल. पण बी-१२ कमी झालं तरी नेमकं हेच होतं: मुंग्या, आग, तोल जाणं, जिभेचा लालसरपणा, थकवा, विसरणं. दोन्हीही एकत्र असू शकतं. साखरेच्या नावावर सगळं खपवून बी-१२ तपासायचंच राहून गेलं, तर मज्जातंतूंचं काही नुकसान कायमचं होऊ शकतं. म्हणून या तिन्ही गोष्टी, म्हणजे शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी, ज्यांच्या वाट्याला एकत्र आल्या आहेत त्यांनी वर्षातून एकदा बी-१२ ची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. यातली बरी बाजू अशी की बी-१२ च्या गोळीतलं जीवनसत्त्व प्रथिनाला बांधलेलं नसतं, ते सोडवायला आम्लाची गरज लागत नाही. त्यामुळे पित्ताची गोळी चालू ठेवावी लागली तरी ही कमतरता भरून काढता येते.

लोहाचंही थोडं असंच आहे. अन्नातलं लोह शोषायला आम्ल मदत करतं, तेव्हा हिमोग्लोबिन काही केल्या वर येत नसेल तर डब्यातल्या या गोळीची आठवण डॉक्टरांना करून द्यावी.

मॅग्नेशियम, हाडं, किडनी

रक्तातलं मॅग्नेशियम कमी होणं क्वचित घडतं, पण घडलं तर अंगावर येतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०११ मध्ये याबद्दल इशारा दिला. साधारणपणे वर्षभर किंवा त्याहून जास्त गोळी घेतल्यावर हे होतं, काहींना तीन महिन्यांतही झालं आहे. पोटऱ्यांत गोळे येणं, हात थरथरणं, धडधड, आणि टोकाला गेलं तर झटके. लघवी जास्त होण्याची गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. यात मॅग्नेशियमच्या गोळ्या देऊनही पातळी वर येत नाही, पित्ताची गोळी थांबवली की येते, असं काही रुग्णांत दिसलं आहे.

हाडांबद्दलचा याच संस्थेचा इशारा २०१० चा. जास्त डोस किंवा एक वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांत खुबा, मनगट आणि मणक्याचे फ्रॅक्चर थोडे जास्त दिसले. गोळीच कारण आहे का, यावर अजून वाद आहे. हाडं आधीच ठिसूळ असतील तर तेवढं कारण लक्ष ठेवायला पुरेसं आहे. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी शोषली जायला आम्ल लागतं, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी किंवा डॉक्टरांना विचारून कॅल्शियम सायट्रेट घ्यावं.

किडनीचा एक त्रास मात्र नक्की माहीत आहे. काही लोकांत या औषधाची एक प्रकारची अॅलर्जी किडनीच्या आतल्या भागात उमटते आणि तिथे सूज येते. ती कुणाला येईल ते आधी सांगता येत नाही, आणि डोस कमी असला म्हणून टळेल असंही नाही. कधी ताप, पुरळ, सांधेदुखी असते. पुष्कळदा काहीच नसतं, नुसती भूक मंदावते, गळून गेल्यासारखं वाटतं आणि रक्तात क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा घटक) वाढलेलं निघतं. वेळेत गोळी थांबवली तर बहुतेकांची किडनी बरीच सावरते. भारताच्या औषध नियंत्रकांनीही २०१९ मध्ये माहितीपत्रकात किडनीच्या अचानक बिघाडाची नोंद करायला कंपन्यांना सांगितलं. आता ते माहितीपत्रक किती जण वाचतात हा भाग वेगळा. आमच्या दुकानात तर पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या मागणारेच जास्त, त्यांना पत्रक कुठून मिळणार?

आम्ल हे पहारेकरीही असतं

आपण पोटातल्या आम्लाकडे शत्रू म्हणून बघतो. पण पाण्यातून, कापून ठेवलेल्या फळांतून, चटणीतून पोटात गेलेले कितीतरी जंतू तेच मारतं. ते कमी झालं की साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंना वाट मोकळी होते. प्रतिजैविकं घेतल्यावर होणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा चिवट जुलाबही या औषधांबरोबर जास्त दिसतो, त्याचा अमेरिकेच्या त्याच संस्थेचा इशारा २०१२ चा.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे (संसर्गानंतर मज्जातंतूंवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा कॅम्पिलोबॅक्टर हे नाव पुण्यात घरोघरी पोचलं. काही रुग्णांच्या तपासणीत तो जंतू सापडला होता. संशय दूषित पाण्यावर होता. पित्ताच्या गोळीला त्या साथीत गोवायचं कारण नाही. पण ज्या शहरात टँकरचं आणि विहिरीचं पाणी प्यावं लागतं, तिथे आम्ल दाबणारी गोळी विनाकारण चालू ठेवू नये, एवढा बोध घ्यायला हरकत नाही. गोळी गरजेची असेल तर पावसाळ्यात पाणी उकळून प्या आणि जुलाब तीन दिवसांत थांबले नाहीत किंवा शौचातून रक्त गेलं तर डॉक्टरांकडे जा.

मग त्या भीतिदायक बातम्यांचं काय?

स्मृतिभ्रंश, हृदयविकार, न्यूमोनिया, जुनाट किडनीविकार अशा बातम्या बहुतेक करून एकाच प्रकारच्या अभ्यासातून येतात. लाखो लोकांच्या नोंदी घ्यायच्या, गोळी घेणारे आणि न घेणारे असे गट करायचे आणि कुणाला काय झालं ते बघायचं. यात गोम अशी की पित्ताची गोळी ज्यांना दिली जाते ते मुळातच जास्त आजारी असतात. वय जास्त, वजन जास्त, वेदनाशामकं चालू, हृदयाची औषधं चालू. त्यांना पुढे काही झालं तर दोष गोळीचा की आधीच्या दुखण्यांचा, हे नुसत्या नोंदींतून नीट वेगळं करता येत नाही.

वेगळं करायचा उत्तम मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यायची. असा एक मोठा अभ्यास झाला आहे. हृदयविकार किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १७,५९८ लोकांना पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम किंवा बिनऔषधाची गोळी सरासरी तीन वर्षं दिली गेली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. स्मृतिभ्रंश, फ्रॅक्चर, न्यूमोनिया, जुनाट किडनीविकार, हृदयविकार यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. फरक निघाला तो आतड्याच्या संसर्गात: गोळी घेणाऱ्यांत १.४ टक्के, न घेणाऱ्यांत १ टक्का. म्हणजे हजार माणसांनी तीन वर्षं गोळी घेतली तर दहाच्या जागी चौदा जणांना संसर्ग. बातमीत हेच, टक्के पूर्णांकात न आणता मोजून, ‘धोका ३३ टक्क्यांनी वाढला’ असं छापता येतं आणि तेही चूक नसतं. म्हणूनच टक्के वाचले की ‘कितीचे?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. तीन वर्षांचा अभ्यास पंधरा वर्षांबद्दल हमी देत नाही हे खरं, पण व्हॉट्सअॅपवरच्या मजकुरापेक्षा तो कितीतरी भरवशाचा.

सोडली की जास्त जळजळतं

आम्ल कमी झालं की शरीर ते भरून काढायला गॅस्ट्रिन हे संप्रेरक जास्त सोडतं. गॅस्ट्रिन जठराला ‘आम्ल बनव’ असा निरोप देत राहतं, त्यामुळे आम्लाची यंत्रणा आतल्या आत वाढत जाते, फक्त गोळीमुळे ती दाबलेली असते. गोळी एकदम थांबवली की ही वाढलेली यंत्रणा मोकळी सुटते आणि काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त तयार होतं.

डेन्मार्कमध्ये २००९ साली हे अगदी निरोगी, कसलाही त्रास नसलेल्या १२० स्वयंसेवकांवर तपासलं गेलं. निम्म्यांना आठ आठवडे रोज इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम दिलं आणि मग थांबवलं. पुढच्या चार आठवड्यांत त्यांतल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी असले त्रास झाले. खरी गोळी कधी दिलीच नव्हती त्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. ज्यांना पित्त नव्हतंच त्यांना गोळी सोडल्यावर पित्त झालं!

काउंटरवर रोज ऐकू येणारं “बंद करून पाहिली हो, पण माझं पित्तच तसं आहे, गोळीशिवाय भागतच नाही” हे वाक्य या प्रकाशात बघा. दोन-चार दिवसांच्या त्रासावरून गोळी जन्मभर लागणार असा निष्कर्ष काढला जातो. पुष्कळदा तो त्रास मूळ आजाराचा नसून गोळी सुटण्याचा असतो, आणि काही आठवडे अँटासिडवर निभावले तर ओसरतो.

सोडायचीच झाली तर डॉक्टरांशी बोलून. दोन वेळा घेत असाल तर आधी एक वेळ, मग ४० च्या जागी २० मिलिग्रॅम, मग दिवसाआड, असं काही जणांना सोपं जातं. एकदम थांबवणंही धोक्याचं नाही, फक्त त्रास होणार याची मनाची तयारी लागते. मधल्या काळात अँटासिड किंवा डॉक्टरांनी दिलं तर फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारं वेगळ्या गटातलं औषध. पूर्वी सगळे ‘रॅनटॅक’ म्हणून जे रॅनिटिडिन घ्यायचे, त्यात एनडीएमए ही कर्ककारक ठरू शकणारी अशुद्धी सापडल्यावर अमेरिकेनं २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं आणि आपल्याकडे २०२२ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं गेलं. घरात जुनी पट्टी पडली असेल तर टाकून द्या.

आणि जेवण. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून रात्री साडेनऊला घरी, दहाला जेवण, साडेदहाला आडवं, हे ज्याचं रोजचं आहे त्याचं आम्ल घशाशी येणारच. जेवण आणि झोप यांत तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आणि कमरेचा घेर कमी, यानं बऱ्याच जणांचा डोस खाली येतो.

‘डी’ आणि ‘एल’

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही गोष्ट. बरेच जण साधी गोळी घेत नाहीत, नावापुढे ‘डी’ किंवा ‘एल’ असलेली कॅप्सूल घेतात आणि तीही ‘पित्ताचीच’ म्हणून. डी म्हणजे डॉमपेरिडोन, उलटी थांबवणारं आणि जठर पुढे ढकलणारं औषध. ४० मिलिग्रॅम पँटोप्राझोलबरोबर ३० मिलिग्रॅम डॉमपेरिडोन असं मिश्रण बाजारात सर्रास मिळतं. डॉमपेरिडोननं हृदयाची लय बिघडू शकते, साठीपुढच्यांना जास्त. युरोपच्या नियामक संस्थेनं २०१४ मध्ये ते शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त देऊ नये असं सांगितलं. आपल्याकडे ते वर्षभर चालू असतं. बाईच्या स्तनातून दूध येणं, पाळी पुढे जाणं, पुरुषाची छाती वाढणं हेही त्यानं होतं, आणि लाजेपोटी कुणी बोलत नाही.

एल म्हणजे लेव्होसल्पिराइड. वयस्कर माणसाला ते महिनोन् महिने दिलं तर हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं असा पार्किन्सनसारखा प्रकार होऊ शकतो. मग त्यासाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे धाव आणि पार्किन्सनच्या गोळ्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आजोबा अलीकडे हळू झालेत असं वाटलं तर पोटाच्या कॅप्सूलवरची बारीक अक्षरं एकदा भिंगाखाली वाचाच.

बाकीच्या औषधांशी होणारे खटकेही थोडक्यात. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण ती क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. त्या जागी सहसा पँटोप्राझोल देतात. थायरॉइडच्या गोळीचं शोषण घटू शकतं, तेव्हा पित्ताची गोळी सुरू किंवा बंद केल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा बघावं. मेथोट्रेक्सेट (संधिवात, कर्करोग यांवरचं औषध) घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

काही लोकांनी मात्र हा लेख वाचून गोळी सोडू नये. पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला, त्यात अॅस्पिरिन किंवा गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक चालू. अन्ननलिकेला गंभीर जखमा किंवा बॅरेट्स इसोफॅगस (आम्लामुळे अन्ननलिकेचं अस्तर बदलणं). रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र. यांच्यासाठी गोळीचा फायदा धोक्यापेक्षा मोठा आहे. उलट पाच दिवसांच्या साध्या अँटिबायोटिकबरोबर किंवा नुसत्या पॅरासिटामॉलबरोबर ‘पोटाला त्रास नको’ म्हणून ती जोडायची सहसा गरज नसते.

गिळताना अडकणं, वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, कारण नसताना हिमोग्लोबिन घसरणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं पित्त: यांवर गोळी घेऊन थांबू नका, एंडोस्कोपी लागू शकते. आणि छातीत दाब, सोबत घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल तर ‘गॅस असेल’ म्हणत ईनो ढवळत बसू नका. आधी ईसीजी.

कुठल्याही औषधाचा असा त्रास झाला असं वाटलं तर त्याची नोंद रुग्णालाही करता येते. सरकारचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचा टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करताना पट्टी हाताशी ठेवा, औषधाचं पूर्ण नाव, बॅच क्रमांक आणि गोळी कधीपासून चालू आहे हे विचारतात.